मुक्काम

चारही माग चार दिवस बंद ठेवायचे,
सूत देणाऱ्या शेटना सांगून झालं.
आता प्रश्न एवढाच, की समुद्र कुठला.

रेणूनं वहीचं मधलं पान काढलं, तीन रकाने पाडले:
कारवार. वेंगुर्ला. काणकोण.
आमच्या वडगावातून तिन्ही सारखेच लांब,
घाट तेवढे वेगळे.
कारवारपर्यंत आम्हा तिघींना तिकीट नाही,
आधार कार्ड दाखवायचं नि खिडकी धरायची,
पैसे पडतील ते एकट्या बापाला.
वेंगुर्ल्याला महाराष्ट्राची एसटी बायकांना अर्ध्यात नेते.
कदंबा कुणालाच ओळखत नाही.

धाकटीला खिडकीतून लाट दिसायला पाहिजे.
लाट दिसणारी खोली बत्तीसशे,
दोन गल्ल्या मागे तीच खोली अकराशे.
म्हणजे नुसतं बघायचे एकवीसशे रुपये.
मी मनातल्या मनात आठ साड्या विणल्या,
घड्या घातल्या, वजन करून दिल्या,
आणि म्हटलं, चालत जाऊ की, पाय आहेत.

समोरचा मोनाप्पा दारातूनच म्हणाला,
गोव्याला जाऊ नका वैनी, पाण्याचं पण बिल लावतात.
कित्तूर मॅडम म्हणाल्या, गोकर्ण बघा,
देव होतो, समुद्र पण होतो.
माझी अट कुणी विचारली नाही, मीच सांगितली:
खोलीत गॅसची शेगडी नको.
शेगडी असली की तिला मीच दिसतो.
(आम्ही बायका हिकडं असंच बोलतो,
रेणूला कॉलेजात हसतात.)

हे काही बोलले नाहीत.
सव्वीस वर्षं धोट्याची खडखड खाल्लेले कान,
अर्धं ऐकतात, अर्धं आमच्या ओठांवरून घेतात.
आमच्या घरचं बोलणं रस्त्यावरून ऐकणाऱ्याला
भांडण वाटतं.
रात्री दोनला लाईट गेली
की सगळी गल्ली एकदम गप्प होते,
माणसं कूस बदलून आणखी गाढ झोपतात
आणि हे दचकून उठतात: कोण आलं?
खानापूरच्या पलीकडं, नणंदेकडं, रानाला लागून घर.
तिथं पहिल्याच रात्री हे अंथरुणात नव्हते.
मैलभर चालत डांबरी रस्त्याला जाऊन बसले होते,
एखादा ट्रक येतो काय बघत.

"फोन लाव," शेवटी म्हणाले, "एवढंच विचार,
रात्री आवाज येतो काय?"

कारवारचा माणूस फार हुशार होता.
छे छे, डबल काच आहे सर, टाचणी पडली तरी ऐकू येईल.
रेणूनं ओरडून सांगितलं. ह्यांनी स्वतःच्या हातानं
पहिल्या रकान्यावर काट मारली.
काणकोणला कोण उचललंच नाही.
वेंगुर्ल्याच्या आरोंदेकर बाई आधी गप्प बसल्या,
मग अपराध कबूल करावा तशा हळू म्हणाल्या,
खरं सांगू? येतो.
सुरूचं बन ओलांडलं की पाणीच,
भरतीला वरचे पत्रे थरथरतात.
मागच्या दिवाळीत पुण्याचे लोक एका रात्रीत उठून गेले.
म्हणून तर आठशे घेते.

मी ह्यांच्या कानाला तोंड लावून
सगळं जसंच्या तसं सांगितलं.
पत्र्याचं दोनदा सांगायला लावलं.

चार रात्री. शेगडी नाही, जेवण बाईंकडेच.
धाकटी दोन दिवस फुगून होती, लाट दिसणार नाही म्हणून.
मोनाप्पा म्हणाला, आठशेत काय मिळणार, डास.
शिनोळीपर्यंत फुकट, पुढं अर्धं तिकीट,
असा हिशोब रेणूनं पानाच्या मागं लिहिला,
आणि ते पान परवापासून मिळत नाही.

काल रात्री पुन्हा लाईट गेली.
हे उठून बसले, अंधारात हात चाचपडत.
मी जवळ सरकून,
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले:
अजून सतरा दिवस!